पर्स चामड्याची, शिवण आपल्या हाताची

गणपतीच्या आधी कपाट आवरायला घेतलं की दोन तऱ्हेच्या पर्स हाताला लागतात. एकीवर पांढरी बुरशी धरलेली असते. दुसरीचे पापुद्रे सुटून काळी भुकटी साडीला लागते. दुकानदाराने मात्र दोन्ही ‘प्युअर लेदर’ म्हणूनच आपल्या गळ्यात मारलेल्या असतात. मैत्रिणींनो, यातली बुरशी आलेली बहुधा खरी आणि पापुद्रे सुटलेली खोटी. कापडावर प्लॅस्टिकचा थर चढवून केलेलं नकली लेदर दमट हवेत सुटत जातं. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या हवेत तर जरा लवकरच. बुरशी पुसता येते, पापुद्र्यांवर मात्र इलाज नाही.

खरी चामड्याची पर्स घरी शिवता येते, आणि ती शिवायला मशीन लागत नाही. उलट हाताची शिवण मशीनपेक्षा टिकाऊ. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. हाताने शिवताना एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात. एखादा टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात.

आधी चामड्याचं बघू. कच्चं ते कातडं, कमावलेलं ते चामडं. कमावण्याच्या मुख्य पद्धती दोन. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं ताठ, पिवळसर-तपकिरी असतं. कोल्हापुरी चपलेचं असतं ते. क्रोम या रसायनाने कमावलेलं मऊ, रंगीत, आणि पाण्याला जास्त दाद न देणारं. त्याची कापलेली कड नीट बघितली तर आत बऱ्याचदा निळसर-राखाडी झाक दिसते. शिकताना सालीचं घ्यावं. ते कापायला सरळ आणि त्याची कड घासून गुळगुळीत होते.

पण सालीच्या चामड्याचं लोखंडाशी जमत नाही. हिरड्यात लोखंड पडलं की काळी शाई होते, पूर्वी लिहायची शाई अशीच करत. आपल्या खाऱ्या हवेत स्वस्त बकल महिन्या-दोन महिन्यांत गंजतं आणि त्याच्याभोवती चामड्यावर काळा डाग पडतो. तो धुऊन जात नाही. म्हणून बकल, कडी, बटण पितळी घ्या. पितळ काळवंडेल, पण गंजणार नाही. (उजळवायला चिंच लावायचा मोह आवरा. ती भांड्यांसाठी, चामड्यासाठी नव्हे.) दोराही साधा सुती नको, ओलीने कुजतो. मेण लावलेला जाड पॉलिएस्टरचा किंवा तागाचा घ्या. मेण लावलेला मिळाला नाही तर मधमाशीच्या मेणाच्या वडीवरून दोन-तीनदा ओढून घेतला की झालं.

आता माप. चामडं चौरस फुटावर विकतात. दहा इंच रुंद, आठ इंच उंच पर्स धरा. पुढचा, मागचा भाग आणि झाकण मिळून २४० चौरस इंच. बाजूची तीन इंची पट्टी खालून वळून दोन्हीकडे वर येते, म्हणजे २६ इंच लांब, तिचे ७८. खांद्याचा पट्टा चार फूट लांब, एक इंच रुंद, त्याचे ४८. एकूण ३६६, म्हणजे अडीच चौरस फुटांच्या थोडं वर. जखमा, भोकं, वेडीवाकडी कड वगळायची म्हणून साडेतीन फूट धरावं. म्हशीच्या चामड्याचा अर्धा भागच वीसेक फुटांचा असतो, तो बचत गटातल्या पाच जणींनी मिळून घेतला तर परवडतो. जाडी दीड ते दोन मिलिमीटर पुरे. खरेदीला आपल्याला धारावीच जवळ. एकोणिसाव्या शतकापासून तिथे चामड्याचं काम चालत आलंय.

कापताना एक गोष्ट विसरू नका: पट्टा नेहमी पाठीच्या भागातून, लांबीच्या दिशेने काढायचा. पोटाकडचं चामडं ताणलं जातं. त्यातून काढलेला पट्टा चार महिन्यांत कमरेखाली लोंबतो. आधी पुठ्ठ्यावर मापं कापून घ्या, ती चामड्यावर ठेवून फिरवून बघा, मगच चांभाराची रापी किंवा धारदार कटर चालवा.

भोकं आरीने पाडायची. कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत एक रेघ आखा आणि शिवणक्लासमधलं ट्रेसिंग व्हील तिच्यावरून फिरवा, ठिपके सारख्या अंतरावर उमटतात. आपल्याला चार मिलिमीटरवर एक भोक हवं, म्हणून गरज पडेल तसा एक सोडून एक ठिपका धरा. आरी उभी धरा, तिरकी गेली की मागची रांग वाकडी येते.

दोरा शिवणीच्या चौपट लागतो. पट्टीची एक बाजू २६ इंच, म्हणजे १०४ इंच दोरा. कोळीवाड्यातल्या बायकांना सांगायला नको, हा दीड वाव होतो. सुया बोथट टोकाच्या घ्या, भोक आधीच पाडलेलं असतं. काम दोन गुडघ्यांत घट्ट धरायचं. उजवी सुई आधी, तिच्यामागून त्याच भोकातून डावी, आणि दोन्ही दोरे सारख्या जोराने बाहेर ओढायचे. क्रम शेवटपर्यंत बदलायचा नाही, तो बदलला की टाक्याचा कल बदलतो आणि लगेच दिसतो. दुसरी सुई आतल्या दोऱ्यात घुसू देऊ नका. शेवटी दोन-तीन टाके उलटे घालून दोरा कापा, पॉलिएस्टरचा असेल तर टोकाला जळती काडी लावून चिकटवा. मग कडेला पॉलिशपेपर, बोटभर पाणी, जाडं कापड आणि दम लागेपर्यंत घासणं. वरून मेण. चांगल्या-वाईट कामातला फरक मला तरी सगळ्यात आधी कडेवरच दिसतो.

काशीद, नागावला येणारा पाहुणा अशी पर्स हातात घेऊन पहिला प्रश्न भावाचाच करतो. तेव्हा हिशोब तोंडपाठ हवा. पट्टीच्या दोन बाजूंचेच ३३० टाके होतात. नवशिकीला टाक्याला एक मिनिट धरलं तरी साडेपाच तास, आणि अजून झाकण, पट्टा, कडा बाकीच. आपण बायका सामानाचे पैसे मोजतो आणि हाताचे सोडून देतो. कोल्हापुरी चपलेची वेणी घालायचं बारीक काम कितीतरी घरांत बायकाच करतात, पण चपलेवर नाव दुकानाचं. त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच वहाणा दाखवल्या आणि इथे ओरड झाल्यावर प्रेरणा कुठली ते मान्य केलं.

त्याच्याही आधीचा हिशोब आहे. गावाला विहिरीवर मोट हवी असायची, पाणी वाहायला पखाल हवी असायची. ती कमावणारे ढोर आणि शिवणारे चर्मकार मात्र वेशीबाहेर. आज ‘हँडमेड’ म्हणून मिरवताना आपण हे विसरू नये. शिकायचंच असेल तर बाजारपेठेतल्या चर्मकार काकांकडे दोन दुपार बसा, आणि शिकवण्याचे पैसे द्या. त्या समाजातल्या मैत्रिणींनी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाकडेही चौकशी करावी. १९७४ मध्ये स्थापन झालेलं हे सरकारी महामंडळ याच कामासाठी आहे.

ज्यांना चामडं नको, त्यांनी रबर बघावं. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाल्यावर धारावीतल्या अनेक कारागिरांचं काम अडलं. सुधीर राजभर यांनी अशा कारागिरांना बरोबर घेऊन ‘चमार स्टुडिओ’ सुरू केला. तिथे पुनर्वापराच्या रबराच्या बॅगा होतात.

राहिली बुरशी. पर्स प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, जुन्या सुती साडीची पिशवी शिवा. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि आठवड्याने बदला. बुरशी आलीच तर अंगणात नेऊन कोरड्या कापडाने पुसा, सावलीत वाऱ्यावर ठेवा, उन्हात नको. खोबरेल लगेच चोळू नका, आधी पूर्ण वाळू द्या. समुद्राचं पाणी उडालं तर साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने त्याच दिवशी पुसा, नाहीतर मिठाची पांढरी रेघ उमटते. आणि चामडं आणायचं ते पाऊस लागायच्या आत. ओल खाल्लेलं चामडं मापाला खरं राहत नाही.