घड्याळ-चिपची बॅटरी लवकर का संपते?
डीएस १३०७ ही घड्याळाची चिप मुख्य वीज बंद असताना बॅटरीतून जेमतेम ०.५ मायक्रोअँपिअर घेते. सीआर २०३२ सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. तो सहा महिन्यांत संपला, तर प्रवाह ५० मायक्रोअँपिअर, म्हणजे १०० पट आहे. जोयड्यासारख्या धुवाधार पावसाच्या तालुक्यात पहिला संशय चिपवर नको, बोर्डावर हवा: सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स दमट हवेत प्रवाहाला वाट देतो. सेलच सदोष असेल, हा आक्षेप रास्त. पण नवा सेलही तसाच उतरला तर हा आक्षेप टिकत नाही. म्हणून प्रवाह मोजण्यासाठी सेलच्या मार्गात १ किलोओहमचा रेझिस्टर घालावा. त्यावरचा प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून पुन्हा मोजावे. आकडा घसरला, तर चिप निर्दोष.