फॉर्म उघडत नाही? साईटला दोष देण्याआधी ब्राउझर बघा

जून महिना लागला की दादर पूर्वेच्या आमच्या घराची बेल रात्री साडेनऊनंतरही वाजते. दारात एखादे पालक, हातात मोबाईल, मागे दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी, आणि तोंडात एकच वाक्य: "सर, साईट बंद पडलीय." मुंबईत अकरावीचा प्रवेश २००९ पासून ऑनलाइन आहे, २०२५ पासून तर सगळ्या राज्यात. राज्याची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, केंद्राची नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. पासपोर्ट आणि हजचा अर्जसुद्धा ऑनलाइनच. आपल्या घरांतली किती मोठी कामं आता या एका खिडकीतून होतात, आणि ती खिडकी म्हणजे ब्राउझर नीट कसा वापरायचा हे मात्र कुणी शिकवत नाही. आम्ही शिक्षकसुद्धा चुका करत करतच शिकलो. त्यातली एक चूक पुढे सांगणारच आहोत.

फुलबाजारात काम करणारे एक पालक अर्जाच्या शेवटच्या दिवशी असेच आले होते. स्टेशनजवळच्या दोन सायबर कॅफेंत जाऊन आले होते, दोन्हीकडे "सर्व्हर डाऊन आहे" असं सांगून परत पाठवलं होतं. फॉर्म पूर्ण भरलेला, पण 'पेमेंट' दाबलं की काहीच होत नव्हतं. आम्ही त्यांच्या फोनवर पुन्हा तेच बटण दाबलं. स्क्रीनच्या तळाशी एक बारीक पट्टी आली, 'पॉप-अप ब्लॉक केले'. ते ती पट्टी दर वेळी बोटाने बाजूला सारत होते. जाहिरात वाटली म्हणाले! पट्टीवरच परवानगी दिली आणि बँकेचं पान लगेच उघडलं. साईट सुरूच होती. पैसे भरायचं पान नव्या खिडकीत उघडणार होतं आणि ब्राउझर त्याला दारातच अडवत होता. जाहिरातींच्या खिडक्या थांबवायला केलेली ही सोय आहे. ती कायमची बंद करू नका, फक्त त्या एका साईटला मोकळीक द्या. पावतीची पीडीएफ उघडत नाही, हॉल तिकीट दिसत नाही, या तक्रारींमागेही अनेकदा हेच कारण असतं.

आता मुळात ब्राउझर म्हणजे काय ते समजून घेऊ. पुष्कळ लोक "गूगल उघड" म्हणतात. गूगल ही शोधायची साईट, क्रोम हा ब्राउझर, आणि इंटरनेट या दोन्हींपेक्षा वेगळी गोष्ट. ब्राउझर म्हणजे लांबच्या कॉम्प्युटरवरून पान मागवून ते आपल्याला वाचता येईल असं मांडून दाखवणारा प्रोग्रॅम. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सुरू केलं, त्यानंतरची बरीच वर्षं ब्राउझर म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर असंच समीकरण होतं. सरकारी पानांच्या तळाशी 'ही साईट एक्सप्लोररमध्येच उत्तम दिसते' अशी ओळ असायची. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला तो ब्राउझर अधिकृतपणे बंद केला. एखाद्या जुन्या पानावर ती ओळ आजही दिसली तर घाबरू नका. तशी साईट लागलीच तर मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये 'इंटरनेट एक्सप्लोरर मोड' असतो, तो वापरून बघा.

"कोणता ब्राउझर चांगला?" हा प्रश्न आम्हाला कायम विचारला जातो. आमचं उत्तर असं की एकावर विसंबू नका, दोन ठेवा. आणि ते दोन आतून वेगळे असू द्या. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट ही नावं वेगवेगळी असली तरी पान मांडणारं त्यांच्या आतलं इंजिन एकच आहे. एकाच हंडीतली बिर्याणी पाच ताटांत वाढली तरी चव तीच लागणार. क्रोममध्ये एखादं पान अडत असेल तर एजमध्येही अडण्याचा संभव मोठा. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं आहे, म्हणून कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइड फोनवर क्रोमच्या जोडीला आम्ही फायरफॉक्स ठेवतो. रोजचं काम क्रोमवर, तिथे अडलं तर फायरफॉक्सवर. आयफोनची गोष्ट निराळी. भारतातल्या आयफोनवर क्रोम घ्या किंवा फायरफॉक्स, आत इंजिन सफारीचंच असतं. तिथे पान अडलं तर दुसरा ब्राउझर डाउनलोड करण्यात वेळ घालवू नका, सरळ शेजाऱ्याचा अँड्रॉइड फोन किंवा एखादा कॉम्प्युटर गाठा.

ब्राउझर अपडेटेड असणं मात्र ब्रँडपेक्षा जास्त महत्त्वाचं. शाळांत आणि घरांत अजून विंडोज ७ ची जुनी मशिन्स चालू आहेत. त्यांच्यासाठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती होती, फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून क्रोमने विंडोज ७ आणि ८.१ ची साथ सोडली. अशा मशीनवर पान अर्धवट उघडतं, बटणं दाबली जात नाहीत, आणि आपण साईटला शिव्या देत बसतो. जुन्या अँड्रॉइड फोनचंही तसंच. प्ले स्टोअरमध्ये क्रोमपुढे 'अपडेट' दिसतच नसेल तर कदाचित तुमच्या फोनचं वय झालेलं असेल. त्या फोनवर गाणी ऐका, पण मुलीचा प्रवेश अर्ज त्यावर भरू नका.

कुणी फोन घेऊन आलं की आम्ही सगळ्यात आधी काय बघतो? घड्याळ. लोकांना हसू येतं. पण फोनची बॅटरी पूर्ण उतरली किंवा जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा गोल सेल संपला की तारीख मागे जाते. प्रत्येक सुरक्षित साईटचं एक ओळखपत्र असतं, त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. तुमचा कॉम्प्युटर २०१५ सालात बसलेला असेल तर त्याला आजचं ओळखपत्र खोटं वाटणारच. मग 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असा लाल इशारा येतो. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' करा, बहुतेक वेळा इशारा गायब होतो. तारीख बरोबर असूनही बँकेच्या किंवा पैशांच्या पानावर तो इशारा आला, तर मात्र 'तरीही पुढे जा' दाबू नका.

त्यानंतर लिंक कुठून उघडली ते बघतो. फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा टेलिग्राममध्ये आलेली लिंक दाबली की ती कित्येकदा त्या अ‍ॅपच्या पोटातच उघडते. दिसायला ब्राउझर, पण तो अर्धामुर्धा. फाईल अपलोड होत नाही, पावती डाउनलोड होत नाही, ओटीपीचा मेसेज बघायला बाहेर गेलं की पान नाहीसं. वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'ब्राउझरमध्ये उघडा' असतं, ते करा, मगच फॉर्म भरायला घ्या.

पान जुनंच दिसतंय, लॉगिन होऊन परत लॉगिनवरच येतंय, असं झालं तर दोष साठवलेल्या जुन्या माहितीचा असू शकतो. ब्राउझर वेळ वाचवायला पानांचे तुकडे स्वतःजवळ ठेवतो, त्याला कॅश म्हणतात. आणि 'हा तोच माणूस' हे ओळखायला साईट एक चिठ्ठी ठेवते, ती कुकी. कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबलं की पान नव्याने मागवलं जातं. तेवढ्याने भागलं नाही तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर जाऊन फक्त त्या साईटच्या कुकी काढा. सगळंच साफ करायची घाई नको. एका पालकांनी सगळ्या खुणा करून 'डेटा हटवा' दाबलं, त्यात साठवलेले पासवर्डही गेले. मग मुलाचा पासवर्ड कोणत्या वहीत लिहिलाय ते शोधण्यात रात्र गेली.

दोन मुलांचे फॉर्म एकाच वेळी दोन टॅबमध्ये भरणं ही चूक घराघरात होते. कुकी टॅबची नसते, ब्राउझरची असते. पहिल्या टॅबमध्ये मोठा मुलगा लॉगिन असताना दुसऱ्यात धाकटीला लॉगिन केलं, तर साईटच्या लेखी पहिल्या टॅबमध्येही आता धाकटीच बसलेली असू शकते, आणि भावाचे मार्क बहिणीच्या अर्जात जातात. एकाचा फॉर्म पूर्ण करून लॉगआउट करा, मगच दुसऱ्याचा घ्या. नाहीतर एक क्रोममध्ये, दुसरा फायरफॉक्समध्ये.

आता आमची चूक. काही वर्षांपूर्वी शाळेच्या एकाच कॉम्प्युटरवर आम्ही वर्गातल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज ओळीने भरत होतो. मुलं रांगेत, मागे हजेरीपट, पुढच्या तासाची घंटा जवळ. ब्राउझर आधी भरलेली माहिती लक्षात ठेवतो आणि पुढच्या फॉर्ममध्ये आपणहून घालतो, त्याला ऑटोफिल म्हणतात. एका मुलीच्या अर्जात तिच्या आधीच्या मुलाचा मोबाईल नंबर गेला. नंबरचा रकाना भरलेला दिसला म्हणून आम्ही पुढे सरकलो. काही आठवड्यांनी अर्जात त्रुटी निघाली, दुरुस्तीचा मेसेज गेला त्या मुलाच्या घरी. त्याच्या अम्मीला वाटलं चुकीचा मेसेज असेल, पुसून टाकला. मुदत संपली. मुलीची त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली. वडील नसलेलं घर होतं. तिची आई आम्हाला एक शब्दही बोलली नाही, "जाऊ द्या सर, नशीब," एवढंच म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून सामायिक कॉम्प्युटरवर आम्ही फॉर्म भरतो तो क्रोमच्या 'गेस्ट' खिडकीत. तिथे आधीच्या कुणाचं नाव, पत्ता, पासवर्ड काही सुचवलं जात नाही, आणि खिडकी बंद केली की मागेही काही राहत नाही. फोनवर गेस्ट नसतं, तिथे इन्कॉग्निटो वापरा. पण एक लक्षात ठेवा: इन्कॉग्निटोमध्ये उघडलेल्या सगळ्या टॅबची कुकी एकच, म्हणून एका मुलाचं झालं की सगळे टॅब बंद करून पुन्हा उघडायचं. घरातल्या फोनवर ऑटोफिल बंदच करून टाका. सेटिंग्जमध्ये 'पत्ते आणि आणखी' अशा नावाखाली त्याचं बटण असतं. आणि इन्कॉग्निटो म्हणजे जादूची टोपी नव्हे. तो फक्त त्या फोनवर खुणा ठेवत नाही, इंटरनेट कंपनीला आणि साईटला तुम्ही दिसताच. नववी-दहावीतल्या मुलांनाही हे सांगून ठेवलेलं बरं, त्यांचा समज बरोबर उलटा असतो.

क्रोमचं आपोआप भाषांतरही फॉर्मच्या वेळी बंद ठेवा. मराठी पान इंग्रजीत करून दाखवताना ते नावांचंही भाषांतर करू शकतं. आमच्या डोळ्यांदेखत एका 'गुलाब'चं फूल झालं. यादीतून जात, तालुका, बोर्ड निवडताना भाषांतरामुळे शब्द बदलले तर चुकीचा पर्याय निवडला जातो.

उर्दू वाचणाऱ्यांची एक तक्रार नेहमी येते, "अक्षरं अरबीसारखी सपाट दिसतात." ब्राउझर बिघडलेला नाही. उर्दूचं नस्तालीक वळण दाखवायला वेगळा फॉन्ट लागतो. साईटने तो सोबत पाठवला नाही आणि फोनमध्येही नसला, तर ब्राउझर जवळ असलेल्या नस्ख वळणात लिहून मोकळा होतो. कॉम्प्युटरवर 'नोटो नस्तालीक उर्दू' हा मोफत फॉन्ट घालून फायरफॉक्स किंवा क्रोमच्या फॉन्ट सेटिंगमध्ये निवडता येतो. मराठीच्या जुन्या फाईली कचऱ्यासारख्या दिसतात, त्याचं कारण वेगळं. त्या युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात, कोणताही ब्राउझर बदलून त्या सुधारणार नाहीत.

घरातल्या मोठ्यांच्या फोनवर तासातासाला 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असे मेसेज येतात, तेही बहुधा ब्राउझरमधूनच. कधीतरी एखाद्या साईटने 'नोटिफिकेशन पाठवू का?' विचारलं आणि खालाने 'अलाऊ' दाबलं, एवढंच झालेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सखाली त्या साईट्सची यादी असते, अनोळखी सगळ्या बंद करा. आणि 'ब्राउझर जुना झालाय, इथे दाबून अपडेट करा' असं एखादं पान सांगत असेल तर ते खोटं समजा. अपडेट फोनवर प्ले स्टोअरमधून किंवा अ‍ॅप स्टोअरमधून, आणि कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून करायचं, तिसरी जागा नाही. पत्त्याजवळचं कुलूप म्हणजे साईट प्रामाणिक आहे असंही नाही. तुमच्या आणि साईटच्या मधली वाट बंद आहे, एवढंच ते सांगतं. ठगाच्या दुकानालाही कुलूप असतं. सरकारी साईटचा पत्ता सहसा जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इनने संपतो, तो शेवट वाचा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा.

त्या मुलीचा पुढच्या वर्षीचा अर्ज आम्ही तिच्या आईला शेजारी बसवून भरला. गेस्ट खिडकी, एकच टॅब, आणि प्रत्येक रकाना मोठ्याने वाचून. मोबाईल नंबर आईनेच टाइप केला, एकेक आकडा शोधत. 'सबमिट' दाबल्यावर तिच्या पर्समधला फोन वाजला. तिने मेसेज उघडून आमच्यापुढे धरला, "सर, हा आमचाच ना?"