पियानोवादनाचे प्राथमिक शिक्षण

पियानोवादनाचे प्राथमिक शिक्षण म्हणजे पियानोसमोरील बैठक, बोटांची योजना, स्वरलेखनाचे वाचन आणि दोन्ही हातांचा मेळ यांची सुरुवातीची तयारी होय. महाराष्ट्रात पियानोकडे वळणारा नवशिका पुष्कळदा संवादिनी अर्थात पेटीच्या सुरांवर वाढलेला असतो. त्यामुळे पट्ट्यांची ओळख त्याला सोपी जाते. डाव्या हाताचे काम, आघातावरील नियंत्रण आणि स्थिर स्वरलेखन या तीन गोष्टी मात्र त्याला मुळापासून शिकाव्या लागतात.

वाद्याचा परिचय

पियानो हे तारांवर आघात करून वाजणारे वाद्य आहे. पट्टी दाबली असता नमदा लावलेली हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते आणि पट्टी सोडताच दुसरा नमदा तारेचे कंपन थांबवतो. इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने इ.स. १७०० च्या सुमारास हे वाद्य तयार केले. मंद आणि मोठा असे दोन्ही आवाज पट्टीवरील दाबातून काढता येतात, हे त्याचे वैशिष्ट्य होते. त्यावरूनच वाद्याला ‘पियानोफोर्टे’ हे नाव मिळाले. आजच्या प्रमाणित पियानोला ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या अशा एकूण ८८ पट्ट्या असतात.

पेटी आणि पियानो

दोन्ही वाद्यांत एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असून त्यांची मांडणी सारखीच असते. मराठी गायक-वादक स्वराची उंची ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ अशा शब्दांत सांगतात, ती याच पट्ट्यांच्या क्रमावरून. पाश्चात्त्य पद्धतीतील ‘सी’ म्हणजे पांढरी एक, ‘एफ’ म्हणजे पांढरी चार आणि ‘ए’ म्हणजे पांढरी सहा. एवढे कोष्टक पाठ असले की पेटी येणाऱ्या विद्यार्थ्याला पियानोवर स्वर शोधण्यात अडचण येत नाही.

फरक आहे तो नादाच्या जातीत. पेटीचा सूर भाता चालू असेपर्यंत टिकतो. पियानोचा सूर आघातानंतर लगेच क्षीण होऊ लागतो आणि पट्टी दाबून धरली तरी तो वाढवता येत नाही. पेटीवर आवाजाचा चढउतार भात्याच्या हाती असतो, तर पियानोवर तो पट्टी किती वेगाने खाली जाते यावर ठरतो. त्यामुळे पेटीवादकाची हलकी, सरकती बोटे पियानोवर प्रथम दुबळी किंवा असमान वाजतात. प्रत्येक बोटाने सारख्या वजनाचा सूर काढणे हा म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांचा मुख्य अभ्यास असतो.

डावा हात

हातपेटी वाजवताना सामान्यतः उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हात भात्यावर असतो. वर्षानुवर्षांच्या या सवयीमुळे पियानोसमोर बसलेल्या पेटीवादकाचा उजवा हात तयार, तर डावा हात कोरा असतो. संगीत नाटकांच्या काळात मराठी रंगभूमीवर रूढ झालेल्या ऑर्गनचा भाता पायाने चालत असे. त्यामुळे वादकाचे दोन्ही हात मोकळे राहत. मराठी श्रोत्याला परिचित असलेल्या वाद्यांपैकी पियानोला सर्वांत जवळचे वाद्य कदाचित तेच होय.

पियानोवर डाव्या हाताला स्वतंत्र काम असते. प्रारंभी तो एकच आधारस्वर धरतो, पुढे स्वरसंघात म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक सूर देतो. पांढरी एक, तीन आणि पाच एकत्र वाजवल्यास सा-ग-प हा सर्वांत सोपा स्वरसंघात मिळतो. मधला सूर काळी दोन केला की कोमल गंधाराचा गंभीर संघात तयार होतो. रागसंगीतात एका वेळी एकच सुरावट चालत असल्याने ही कल्पना अनेकांना नवी असते.

नवशिक्याची नेहमीची चूक अशी की, परिचित गाणे उजव्या हाताने झटपट बसवले जाते आणि डावा हात ‘नंतर’साठी राहून जातो. काही महिन्यांनी दोन्ही हात जोडताना उजव्या हाताचीही गती तुटते आणि अनेकांचे शिक्षण याच टप्प्यावर थांबते. त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक छोटा तुकडा पहिल्या दिवसापासून डाव्या हाताने, उजव्या हाताने आणि मग दोन्ही हातांनी विलंबित लयीत वाजवणे.

बैठक आणि बोटांची योजना

पेटी मांडी घालून वाजवली जाते. पियानोसाठी बाकाची उंची महत्त्वाची असते. कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीत, मनगट सैल आणि बोटे किंचित वळलेली असावीत. दोन्ही हातांच्या अंगठ्याला १ आणि करंगळीला ५ असे क्रमांक दिलेले असतात. पांढरी एकपासून आरोह वाजवताना उजव्या हाताची बोटे १-२-३-१-२-३-४-५ अशी पडतात, म्हणजे गंधारानंतर अंगठा बोटांखालून सरकून मध्यमावर येतो. डाव्या हाताचा क्रम ५-४-३-२-१-३-२-१ असा असतो. ‘सारेग, रेगम, गमप’ यांसारखे शालेय संगीतातील अलंकार या अभ्यासासाठी उपयोगी पडतात, कारण सुरावट पाठ असल्याने लक्ष बोटांकडे देता येते.

स्वरलेखन

भातखंडे पद्धतीत स्वर अक्षरांनी लिहितात. मंद्र सप्तकासाठी अक्षराखाली आणि तार सप्तकासाठी वर बिंदू देतात. त्यातील ‘सा’ गायकाच्या सोयीने कोणत्याही पट्टीवर येतो. पियानोसाठी वापरल्या जाणाऱ्या पाच रेषांच्या लेखनात मात्र प्रत्येक खूण ठरावीक पट्टीचीच असते आणि खुणेच्या आकारावरून सुराचा कालावधी कळतो. वरचा पंचरेषक बहुधा उजव्या हाताचा, खालचा डाव्या हाताचा असतो. ‘मधला सी’ या दोहोंच्या मध्ये एका लहान रेषेवर लिहितात. हा सूर आधार धरून वर आणि खाली दररोज दोन-तीन खुणा ओळखत गेल्यास वाचन लवकर अंगवळणी पडते. कानाने गाणे बसवण्याची सवय असणाऱ्यांना हे वाचन सुरुवातीस संथ वाटते.

स्वरांच्या मर्यादा

पियानो आणि आजची बहुतेक पट्टीवाद्ये समान अंतरांच्या बारा सुरांत मिळवलेली असतात. या मिळणीत शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या जवळपास सातव्या भागाइतका चढा असतो. पट्टीवाद्यावर मींडही काढता येत नाही. अशाच आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये शिथिल झाली. दरम्यान गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या वादकांनी पेटीला मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली होती. मुंबईत जन्मलेले व्ही. बलसारा (१९२२–२००५) यांनी भारतीय सुरावटी पियानोवर लोकप्रिय केल्या. नवशिक्याने पियानोवरील राग हे गायनाचे अनुकरण न मानता वेगळ्या वाद्याची मांडणी मानणे इष्ट ठरते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसर

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढील दशकांत या भागाचे उद्योगनगरीत रूपांतर झाले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नगरपालिकेची १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. देहू आणि आळंदी ही क्षेत्रे जवळच असल्याने गावोगावच्या भजनी मंडळांमुळे पेटी येथे घरोघरी परिचित आहे.

या परिसरातील सदनिकांमध्ये लाकडी पियानो ठेवणे सोपे नसते. उभ्या पियानोचे वजन बहुधा २०० किलोंच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते आणि पावसाळी दमटपणाने लाकूड फुगून वाद्याची मिळणी बिघडते. नियमित मिळणी हाही खर्चाचा भाग असतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड किंवा डिजिटल पियानो सोयीचा ठरतो. ६१ हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड स्वरओळखीला पुरतो. परंतु आघाताची सवय लागण्यासाठी वजनदार पट्ट्यांचा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो योग्य होय. हेडफोन लावून वाजवता येत असल्याने रात्रपाळीहून आलेल्या शेजाऱ्याची झोपही मोडत नाही. ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते, अशा प्रौढ विद्यार्थ्यांना ठरावीक वेळेपेक्षा ठरावीक काम बांधून घेणे जमते: एक अलंकार, चार ओळींचे वाचन आणि एक तुकडा दोन्ही हातांनी. वीस-पंचवीस मिनिटांचा असा रोजचा सराव सुट्टीच्या दिवशीच्या सलग तीन तासांपेक्षा अधिक फळ देतो.

परीक्षा

पाश्चात्त्य पियानोवादनासाठी ट्रिनिटी कॉलेज लंडन या संस्थेच्या श्रेणी परीक्षा भारतात होतात. त्यांत आठवी श्रेणी सर्वांत वरची असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ ते ‘अलंकार’ या परीक्षा भारतीय संगीतासाठी असून संवादिनीवादनाचा त्यांत समावेश आहे. गोव्यात पोर्तुगीज काळातील चर्चच्या शाळांनी पाश्चात्त्य स्वरलेखन रुजवले. तेथील कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मिळते. शिक्षणासाठी परीक्षा देणे आवश्यक नसते.

हे सुद्धा पहा

संवादिनी
ऑर्गन
भातखंडे स्वरलिपी
गोविंदराव टेंबे