प्रोग्रॅमिंगच्या भाषा आणि वर्थ यांचं घराणं

संगणकाच्या भाषांवर अलीकडे जे लेख वाचनात येतात, त्यांत फोर्ट्रान, कोबोल, मग सी, मग जावा आणि शेवटी पायथन अशी एकच सरळ रांग लावलेली असते. पास्कलच्या वाट्याला अर्धं वाक्य येतं, तेही 'शिकवण्यापुरती भाषा' एवढंच. ही मांडणी मला अजिबात मान्य नाही. कोणती भाषा किती चालली यावरून इतिहास लिहिला की असंच होणार. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला भाषेनं विचार कसा करायला लावला, हे पाहिलं तर रांग वेगळी लागते आणि तिच्या मधोमध झुरिकचे निक्लाउस वर्थ उभे दिसतात.

सुरुवातीची वर्षं भराभर उरकतो. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांची फोर्ट्रान १९५७ साली आयबीएम ७०४ वर आली. सूत्रं सूत्रांसारखी लिहिली तरी यंत्र झपाट्यानं काम करतं, हे तिनं दाखवलं. जॉन मॅकार्थी यांची लिस्प १९५८ची; तिच्यावर स्वतंत्र लेखच लिहायला हवा. कोबोल १९५९-६०ची, ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिकच्या पायावर उभी राहिलेली. तिला नावं ठेवणाऱ्यांनी वाय-टू-केची, म्हणजे २००० सालच्या तारखांचा घोळ निस्तरण्याची वर्षं आठवावीत. पुण्या-मुंबईच्या कितीतरी मुलामुलींना पहिली परदेशवारी त्याच भाषेनं घडवली. १९६४ची डार्टमथची बेसिक सर्वांना ठाऊक आहे.

खरी गोष्ट अल्गॉल ६० पासून सुरू होते. युरोप-अमेरिकेतल्या मंडळींनी एकत्र बसून ती घडवली, पीटर नाउर यांनी तिचा अहवाल संपादित केला आणि भाषेचं व्याकरण नेमक्या नियमांत मांडायची पद्धत तिथून रूढ झाली. बिगिन-एंडचे ठोकळे, ठोकळ्यापुरती मर्यादित असणारी नावं, स्वतःलाच हाक मारणारी प्रोसीजर, हे सगळं त्या मोजक्या पानांत होतं. टोनी होर यांनी इंग्लंडमधल्या एलियट कंपनीसाठी तिचा कंपायलर केला, तेव्हा ॲरेचा प्रत्येक इंडेक्स मर्यादेत आहे की नाही, हे प्रोग्रॅम चालताना तपासायची सोय त्यात ठेवली. वेग वाढवण्यासाठी ही तपासणी काढून टाकू का, असं पुढे गिऱ्हाइकांना विचारलं, तर त्यांनी नको म्हणून सांगितलं. साठच्या दशकातल्या त्या गिऱ्हाइकांना जे कळत होतं, ते पुढच्या दोन पिढ्यांच्या तज्ज्ञांनी विसरून दाखवलं.

अल्गॉलच्या पुढच्या आवृत्तीवरून समितीत फूट पडली. वर्थ यांचा साधा, आटोपशीर प्रस्ताव मागे पडला आणि अल्गॉल ६८ नावाची अवजड भाषा मंजूर झाली. वर्थ यांनी आपला प्रस्ताव होर यांच्यासोबत अल्गॉल डब्ल्यू म्हणून १९६६ साली प्रसिद्ध केला, आणि १९७० साली झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातून त्यांची पास्कल आली.

पास्कलचं मोठेपण तिच्या टाइपांमध्ये आहे. महिन्याची तारीख १ ते ३१ यांच्यातच असणार, हे प्रोग्रॅमरला भाषेतच लिहून ठेवता येतं. आठवड्याचे वार नावानं मांडता येतात. रेकॉर्ड, सेट, स्वतः घडवलेले टाइप यांमुळे आधी माहितीची आखणी करायची आणि मग क्रिया लिहायच्या, ही शिस्त हाताला लागते. कंपायलरची कथाही सांगण्यासारखी आहे. तो फोर्ट्रानमध्ये लिहायचा पहिला प्रयत्न फसला. मग तो पास्कलमध्येच लिहिला गेला, एकदा माणसानं हातानं खालच्या पातळीच्या भाषेत उतरवला, आणि त्यानंतर तो स्वतःच स्वतःला कंपाइल करू लागला. झुरिकच्या याच मंडळींनी पी-कोड दिला. काल्पनिक यंत्रासाठी कोड तयार करायचा आणि ते यंत्र कुठल्याही संगणकावर छोट्या प्रोग्रॅमनं उभं करायचं. १९९५ साली जावाच्या जाहिरातींत हीच कल्पना नवी म्हणून मिरवली गेली, तेव्हा आम्हा पास्कलवाल्यांना त्यात नवं काही दिसलं नाही.

'शिकवण्यापुरती' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: डोनाल्ड नूथ यांनी टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली पास्कलवर आधारून लिहिली, ॲपलच्या लिसाचं बरंचसं सॉफ्टवेअर पास्कलमध्ये होतं, आणि फोटोशॉपची पहिली आवृत्तीही मुख्यतः पास्कलमध्येच होती.

आमच्याकडे पास्कल घराघरात नाही तरी वर्गावर्गात पोचली ती टर्बो पास्कलमुळे. १९८३ साली बोरलँडनं ती पन्नास डॉलरच्या आत विकायला काढली. अँडर्स हेल्सबर्ग यांनी एडिटर आणि कंपायलर मिळून सगळं चाळीस केबीच्या आत बसवलं होतं. एका फ्लॉपीवर सगळा संसार मावायचा. मी त्या काळात शिकवत होतो. मुलं बटण दाबायची आणि चूक कुठल्या ओळीत आहे ते कर्सर तिथं जाऊन दाखवायचा. वर्षाअखेरीस आकडेमोड करणारा छोटा इंटरप्रिटर मुलं स्वतः लिहायची, आणि भाषा म्हणजे कुणीतरी माणसानं लिहिलेला प्रोग्रॅमच असतो, हे त्यांना कायमचं कळायचं. पुढे एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर मी पास्कल ठेवण्यासाठी खूप भांडलो. 'बाजारात सी चालते' या एका वाक्यावर ती काढली गेली.

सीची थोरवी मी नाकारत नाही. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास ती घडवली आणि युनिक्स तिच्यात लिहिलं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'नं तर ती देशभरच्या मुलांच्या हातात दिली. पण पहिली भाषा म्हणून सी शिकवणं मला तेव्हाही चुकीचं वाटत होतं, आजही वाटतं. ॲरेची हद्द ओलांडली तरी सी काही बोलत नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म नावाचा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवरच्या यंत्रांत शिरला, तो घुसण्यासाठी वापरलेली एक वाट नेमकी हीच होती. पास्कलवर तेव्हा होणारा मुख्य आक्षेप असा, की दहा घटकांच्या ॲरेसाठी लिहिलेली प्रोसीजर वीस घटकांना चालत नाही. मूळ भाषेपुरता तो खरा होता. वर्थ यांच्याच पुढच्या मॉड्युला-२ या भाषेत तो उरला नाही. आक्षेप घेणारे मात्र तेच पान वर्षानुवर्षं वाचत राहिले.

मॉड्युला-२ सोबत वर्थ यांनी लिलिथ नावाचा संगणकच बांधला. मग १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात युर्ग गुटक्नेख्त यांच्यासोबत ओबेरॉन: भाषा, कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टिम, मुख्यतः दोन माणसांनी केलेलं काम. भाषेचा अहवाल अवघ्या सोळा-सतरा पानांचा. सी++चं आजचं प्रमाणपुस्तक दीड हजार पानांच्या पुढे गेलंय. नवी भाषा आधीच्या भाषेपेक्षा लहान करणारा हा एकच माणूस मला ठाऊक आहे. ऐंशीच्या उंबरठ्यावर त्यांनी ओबेरॉनसाठी स्वतः प्रोसेसर आखला आणि २०१३ साली सगळी प्रणाली नव्यानं मांडली.

सी++, पर्ल, जावास्क्रिप्ट यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय. हे घराणं पुढे कुठे गेलं, ते मात्र लिहिलं जात नाही. हेल्सबर्ग यांनी पुढे डेल्फी, सी-शार्प आणि टाइपस्क्रिप्ट केल्या. २००९ साली जाहीर झालेल्या गो भाषेच्या तिघा कर्त्यांपैकी रॉबर्ट ग्रीसमर झुरिकला शिकलेले, आणि ओबेरॉनचं रक्त त्या भाषेत उघड दिसतं.

आपल्याकडे मात्र टर्बो सीचा निळा पडदा कॉलेजांत दोन दशकं तसाच राहिला, आणि तो गेल्यावर मुलं थेट पायथनच्या तयार लायब्ररींवर उतरली. चार ओळींत चित्र ओळखणारा प्रोग्रॅम चालतो, पण त्यातली एकही ओळ आत काय करते हे विचारलं तर उत्तर येत नाही. आता तर कोडच यंत्राकडून लिहून घेतात. जे वाचता येत नाही ते तपासणार कोण?

वर्थ १ जानेवारी २०२४ रोजी गेले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या व्हाइट हाउसमधून अहवाल निघाला, की मेमरी सुरक्षित ठेवणाऱ्या भाषा वापरा. पास्कल तोवर चोपन्न वर्षांची झाली होती.

अभ्यासमंडळांवर असलेल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. दुसऱ्या वर्षाचं एक सत्र मोकळं करा आणि मुलांकडून एका छोट्या भाषेचा कंपायलर पहिल्या ओळीपासून लिहून घ्या. वर्थ यांचं 'कंपायलर कन्स्ट्रक्शन' हे छोटेखानी पुस्तक इंटरनेटवर विनामूल्य मिळतं, आणि त्यातली ओबेरॉन-० ही भाषा एका सत्रात पुरी होते.