राखून ठेवलेला वेग

प्रोसेसरच्या खोक्यावर एखादा वेग छापलेला दिसला की आतली चिप त्याच वेगासाठी बनवली असणार, असं आपण धरून चालतो. कारखान्यात क्रम उलटा असतो. चिप आधी तयार होते आणि तिचा वेग नंतर तपासून ठरतो. ३०० मिलिमीटर व्यासाच्या वेफरवर शेकडो चिप्स एकाच आराखड्यावरून उमटवल्या जातात, पण एकाच भट्टीतल्या विटा जशा सारख्या भाजत नाहीत, तशा याही सारख्या उतरत नाहीत. कुठे ट्रान्झिस्टर चपळ निघतात, कुठे मंद, तर कुठे वीजच जास्त झिरपते. या फरकांनुसार चिप्सची प्रतवारी होते आणि नावं व किमती त्यानंतर येतात.

वेफर कापण्याआधीच तपासणी सुरू होते. अतिशय बारीक सुयांचं प्रोब कार्ड चिपवर टेकवून वीज आणि संकेत आत सोडतात. नापास चिप्स तिथेच गळतात. उरलेल्यांवर आवरण चढल्यावर त्या पुन्हा तपासल्या जातात. काही नमुने जास्त उष्णतेत आणि जास्त व्होल्टेजवर तासन् तास चालवून त्यांचं अकाली म्हातारपण पाहिलं जातं.

वेगाचा कस लावण्यासाठी अभियंत्यांकडे ‘श्मू प्लॉट’ नावाचा आलेख असतो. आडव्या अक्षावर वेग, उभ्यावर व्होल्टेज. वेग आणि व्होल्टेज यांच्या प्रत्येक जोडीला तीच चाचणी चालवायची आणि त्या चौकटीत पास किंवा नापास अशी खूण करायची. हळूहळू कागदावर एक तिरकी सीमारेषा उमटते: व्होल्टेज वाढवलं की चिप आणखी वेगात टिकते. अनुभवी माणसाची नजर मात्र आधी आलेखातली भोकं शोधते. सगळीकडे पास आणि मधेच एका ठिपक्यावर नापास, असं दिसलं तर शेजारच्या तारांचा गोंगाट किंवा आराखड्यातला दोष आत दडलेला असू शकतो.

ही सीमा येते कुठून? ५ गिगाहर्ट्झला घड्याळाचा एक ठोका २०० पिकोसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. चिपमधल्या सर्वांत लांबच्या वाटेवरचा संकेत पुढच्या ठोक्याआधी पोचून स्थिर झाला पाहिजे, नाहीतर उत्तर चुकतं. व्होल्टेज वाढवलं तर तो लवकर पोचतो, पण विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि उष्णताही त्याच मापाने. म्हणून छापलेला वेग सीमेच्या बराच अलीकडे ठेवतात. उन्हाळा, विजेतले चढउतार, वर्षांनुवर्षांची झीज, खुद्द तपासणी यंत्रातली चूक, या सगळ्यांसाठी राखलेली ही जागा. छापलेल्यापेक्षा जास्त वेगाने चिप चालवणारा, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग करणारा, तिच्यातच हात घालतो.

कधी ही जागा फारच ऐसपैस असते. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए आणला. ६६ मेगाहर्ट्झच्या बसला, म्हणजे प्रोसेसरला मदरबोर्डशी जोडणाऱ्या मार्गाच्या वेगाला, साडेचारने गुणलं की जवळपास ३००. गुणक पक्का बांधलेला, पण बस १०० वर नेता यायची आणि तीच स्वस्त चिप अनेकांकडे ४५० मेगाहर्ट्झवर बिनतक्रार चालायची. त्याच सुमारास ४५० मेगाहर्ट्झचा महागडा पेंटियम-२ बाजारात आला होता. सेलेरॉनवरचा ३०० हा आकडा सिलिकॉनपेक्षा बाजारपेठेने ठरवलेला होता.

दोनच वर्षांत उलटी गोष्ट घडली. मार्च २००० मध्ये प्रतिस्पर्धी एएमडीने १ गिगाहर्ट्झचा टप्पा आधी जाहीर केला आणि दोन दिवसांनी इंटेलने. चढाओढ तापली आणि ३१ जुलैला इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ काढला. जर्मनीचे हार्डवेअर-समीक्षक थॉमस पॅब्स्ट यांच्या तपासणीत तो अडखळला: लिनक्सचं कर्नल कंपाइल करायला घेतलं की काम पूर्णच होईना. कंपाइल करताना प्रोसेसरच्या नाना कोपऱ्यांवर एकदमच ताण येतो, म्हणून ती फार कडक परीक्षा. अमेरिकेतले समीक्षक काइल बेनेट यांनाही तेच आढळलं. अखेर इंटेलने दोष मान्य केला आणि ऑगस्टअखेरीस चिप बाजारातून परत घेतली. मला हा प्रसंग सेलेरॉनच्या कौतुकापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. तपासणीचा कार्यक्रम माणसांना सुचलेल्या वाटाच चाचपतो. राखीव जागा उरलेल्या वाटांसाठी असते आणि शर्यतीत पहिला बळी तिचाच जातो.

पुढे कंपन्यांनी ओव्हरक्लॉकिंगला अधिकृत दार उघडून दिलं. गुणक मोकळा असलेल्या ‘के’ मालिकेच्या चिप्स आल्या. ओरेगॉनमधल्या हिल्सबरो इथल्या इंटेलच्या प्रयोगशाळेत द्रवरूप नायट्रोजन ओतून, उणे १९६ अंशांच्या आसपास, नव्या चिप्स ताणून पाहिल्या जात. मात्र ग्राहकाच्या हातातली चिप अमुक वेगाला पोचेलच, याची हमी अशा प्रयोगांतून मिळत नाही. २०१२ ते २०२१ या काळात इंटेलला जादा पैसे भरून ओव्हरक्लॉकिंगने जळलेली चिप एकदा बदलून घेता येत असे. तीही योजना बंद झाली.

आता तर राखीव वेगाचा बराचसा भाग कंपनीच वापरते. तपासणीत सापडलेली प्रत्येक चिपची वेग-व्होल्टेजची जुळणी तिच्या आतच नोंदवली जाते आणि चालू असताना चिप त्यानुसार मदरबोर्डकडे व्होल्टेज मागते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीत ६ गिगाहर्ट्झपर्यंत गेलेल्या चिप्स होत्या. त्या वापरणाऱ्या, पण ओव्हरक्लॉकिंगला हातही न लावलेल्या लोकांचे संगणक अचानक बंद पडू लागले, गेम कोसळू लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलने मूळ कारण सांगितलं: जास्त व्होल्टेज आणि उष्णतेने कोअरमधलं घड्याळाचे ठोके पोचवणारं सर्किट झिजत होतं आणि चिपला स्थिर राहायला लागणारं किमान व्होल्टेजच वर सरकत होतं. म्हणजे पहिल्या दिवशी पास झालेली चिप काही महिन्यांनी त्याच परीक्षेत नापास होत होती. मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या सूचना, बदलून १.५५ व्होल्टच्या वरच्या मागण्या रोखल्या गेल्या. त्याने पुढची झीज आटोक्यात येते, आधी झालेली भरून निघत नाही. खोक्यातून विकलेल्या अशा चिप्सची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली.