पाण्यातला किल्ला आणि आभाळातून मारा

मंडळी, शिवनेला पूर आला की काय होतं, हे लासूरला सांगायला नको. पलीकडचा इकडे येत नाही, पण इकडच्यालाही पलीकडे जाता येत नाही. बेटावरच्या लष्करी तळाचं सगळं गणित यातच आहे.

जंजिरा घ्या. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी तिथवर पोहोचायला समुद्रात सेतू बांधायला घेतला होता. तरी जंजिरा पडला नाही. पाणी हाच त्याचा खरा तट. पुढे विमान आलं. त्याला कुठलं पाणी आडवं येणार?

आता दीव पाहू. गोवामुक्तीच्या वेळची गोष्ट, 18 डिसेंबर 1961. मधे अरुंद खाडी, पलीकडे पोर्तुगीज. अंधारात खाडी ओलांडणाऱ्या आपल्या जवानांवर मशीनगनचा मारा झाला, ते अडकले. पहाटे हवाई दल आलं. किनाऱ्यासमोरची ठाणी, विमानतळाचा नियंत्रण मनोरा, दारूगोळ्याचं कोठार, सगळं फोडलं. पुण्याच्या कमांडच्या हुकमावरून दोन तूफानी विमानांनी हजार पौंडांचे चार बॉम्ब टाकून धावपट्टी निकामी केली. निसटू पाहणारी ‘वेगा’ ही गस्तीनौकाही गेली. म्हणजे बाहेरून मदत येणं बंद आणि आतून बाहेर पडणंही बंद. 19 तारखेला दीव शरण आलं.

मग नुसत्या बॉम्बनं बेट पडतं का? नाही. नोव्हेंबर 1943 मध्ये पॅसिफिकमधल्या तरावा बेटावर अमेरिकेनं आधी विमानांनी आणि जहाजांच्या तोफांनी भाजून काढलं. पण जपान्यांनी नारळाचे ओंडके, वाळू आणि काँक्रीट वापरून केलेले मोर्चे बरेचसे टिकले. तीन दिवसांत हजाराच्या आसपास अमेरिकन मेले. पुढे फेब्रुवारी 1944 मध्ये ट्रुकला त्यांनी वेगळा डाव टाकला. विमानं आणि जहाजं नष्ट केली, पण सैन्य उतरवलंच नाही. रसद तुटलेला तो तळ मागे ठेवून ते पुढे निघून गेले.

लक्षात ठेवा, विमान बेटाची वाट तोडतं. बेट ताब्यात घ्यायचं तर पायदळालाच उतरावं लागतं. म्हणून उतरायचं की नुसतं कोंडून ठेवायचं, हा निर्णय शेकडो जिवांचा असतो.

आणि एक. दीवच्या धावपट्टीवर दुसऱ्यांदा बॉम्ब टाकायला विंग कमांडर ब्लेक गेले, तेव्हा खाली पांढरी निशाणं हलताना त्यांना दिसली. ते बॉम्ब न टाकताच परत फिरले. वरून मारा करणाऱ्याला खालचं माणूसही दिसलं पाहिजे, मंडळी.