किरणोपचार आणि एका मिलिमीटरचा हिशेब

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरून किरणे दिल्यावर डॉक्टर बहुधा ब्रॅकीथेरपी सांगतात. इरिडियम-192 या किरणोत्सारी धातूचा तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा पोकळ नळीतून गाठीजवळ नेतात आणि काही मिनिटांनी परत काढून घेतात.

इथे सारे अंतरावर अवलंबून असते. अंतर दुप्पट झाले की मात्रा सुमारे एक चतुर्थांश उरते. दहा मिलिमीटरचे अकरा झाले, तरी ती सुमारे 17 टक्क्यांनी घटते. शेजारी मूत्राशय आणि गुदाशय असतात. नळी त्यांच्याकडे सरकली तर तिथे मात्रा वाढते. म्हणून नळी बसवल्यावर सीटी किंवा एमआरआय काढून हिशेब मांडतात. तरी मूत्राशय भरले किंवा रुग्ण हलली की त्यात थोडा फरक पडतोच.

इरिडियमची ताकद सुमारे 74 दिवसांत निम्मी होते. त्यामुळे पुढच्या खेपेला मिनिटे वाढली, म्हणजे मात्रा वाढवली असे समजू नये.

आपल्या अम्मी, खाला लाजेपोटी गप्प राहतात. त्यांना आधीच सांगून ठेवा : नळी सरकल्यासारखी वाटली किंवा लघवी लागली, तर न हलता हाक मारा. खोलीतल्या माइकमधून ती बाहेर ऐकू जाते.